वेदांगचा उजवा हात

न्युरेम्बर्ग,
रविवार, ७ सप्टेंबर

प्रिय शमिका,

पत्र बघून तू आधी हसशील आणि मग मला फोन लावशील. लावू नकोस. आधी शेवटपर्यंत वाच. गेल्या तीन आठवड्यांत मी तुला पाच वेळा फोन केला आणि पाचही वेळा तूच बोललीस. चौथ्या वेळी मी मुद्दाम घड्याळ पाहिलं. सव्वीस मिनिटं. त्यात माझं ‘अगं ऐक ना’ चारदा आणि ‘बरं’ आठ-नऊदा. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी दुकानात जाऊन रेघांचं पॅड घेऊन आले. देवनागरी लिहायची सवय पार मोडली आहे, अक्षर चालत्या बसमध्ये लिहिल्यासारखं येतंय. सहन कर. मीही बरंच केलंय.

दोन वर्षं तू माझ्या मागे लागली होतीस, ‘वेदांगला एकदा बघ.’ आणि दोन वर्षं मी तुला सांगत होते की ते बरोबर नाही. आठवडाभर मी कंपनीत ब्रेक तापवते आणि ते कधी निकामी होतात ते मोजते. शनिवार-रविवारी एका अमेरिकन बेसबॉल क्लबसाठी दक्षिण जर्मनीतली पोरं मोजते. स्टॉपवॉच आणि रडार गन घेऊन बसायचं, सोमवारी अहवाल पाठवायचा. त्या अहवालावर कुणाचं तरी अमेरिकेला जाणं ठरू शकतं. अशा ठिकाणी मी माझ्या मैत्रिणीच्या मुलाबद्दल काय लिहू? पण तुला ‘नाही’ ऐकू येत नाही, कॉलेजातही येत नव्हतं. तू क्लिप पाठवत राहिलीस. एक्केचाळीस क्लिप, सगळ्यांना ढोलताशा लावलेला, आणि निम्म्या क्लिप चेंडू खाली यायच्या आत संपणाऱ्या. शेवटी माझ्या वरच्या माणसानंच, एका अत्यंत शांत डच गृहस्थानं, हायडेलबर्गच्या सेंटर फिल्डरला, म्हणजे तुझ्याच पोराला, बघून ये म्हणून सांगितलं. मी म्हटलं, त्याची आई आणि मी एका सॉफ्टबॉल संघात खेळलोय. तो म्हणाला, मग तर तू जास्त कडक राहशील. एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. फोन असाही असतो, हे तुझ्या माहितीसाठी.

सतरा ऑगस्टला मी आले, तेव्हा एकच विनंती केली होती: पोराला सांगू नकोस. तू पोराला सांगितलंस, कोचला सांगितलंस, कोचच्या बायकोला सांगितलंस, आणि गेटवरच माझ्या हातात भाकरवडीचा डबा दिलास, की ज्याला कळलं नसेल त्यालाही कळावं. मग बरोबर माझ्या मागच्या बाकावर बसून प्रत्येक चेंडूनंतर ‘लिहिलंस का?’ तुझा नवरा, नागेश, बिचारा शेजारी सनक्रीम लावत बसला होता. तू त्या मॅचला होतीस तरी मी तुला मॅच सांगणार आहे, कारण तू वेदांगकडे बघत नव्हतीस. तू माझ्या वहीकडे बघत होतीस.

तर वहीत काय होतं ते ऐक. पाय उत्तम. साठ यार्ड सहा पूर्णांक सात सेकंदांत, आणि ते कुणी मागे लागलेलं नसताना. चेंडूचा अंदाज त्याहून चांगला. चौथ्या इनिंगला त्या उंच डावखुऱ्यानं चेंडू वेदांगच्या डोक्यावरून मारला, आठवतंय? तू किंचाळलीस. वेदांगनं बॅटचा आवाज होताच पाठ फिरवली, चेंडूकडे न बघता कुंपणाच्या दिशेनं पळाला आणि अगदी शेवटी मान वळवून तो झेलला. पळताना एकदाही वर पाहिलं नाही त्यानं. दहा वर्षांत मी दोनशेवर आउटफिल्डर पाहिले असतील, हे येणारे चार. तू हे असंच करायचीस. ते मी अहवालात लिहिलं नाही, पण वहीच्या कडेला लिहिलंय.

बॅटिंग मात्र पस्तीस. आणि या पस्तीसवरून तू जो गोंधळ घातलास त्याला माझ्याकडे शब्द नाहीत. मी तुला सांगितलं होतं की आम्ही वीस ते ऐंशी असे गुण देतो, आणि पन्नास म्हणजे मेजर लीगमध्ये रोज खेळणारा साधारण खेळाडू. तू फक्त आकडा ऐकलास आणि ‘पस्तीस म्हणजे पास’ म्हणून नागेशला हाक मारलीस. शमे, तो आपला दहावीचा भूगोल नाही. पस्तीस म्हणजे त्याचं बॅट फिरवणं उशिरा सुरू होतं. इथल्या बोलरचा, म्हणजे पिचरचा, ताशी एकशे तीस किलोमीटरचा चेंडू त्याच्या बॅटला लागतो; तिथं दीडशेचा येतो, आणि तोही वळतो. बाहेर जाणाऱ्या संथ चेंडूवर त्यानं त्या दिवशी तीनदा बॅट फिरवली, तिन्ही वेळा हवेत. त्याच्या वयाची तिकडची पोरं वर्षाला शंभर मॅच खेळतात, हा तीस खेळतो आणि मधे शाळेचे पेपर देतो. म्हणून तू विचारलंस तेव्हा मी सरळ सांगितलं: मेजर लीग, माझ्या अंदाजानं, नाही. अमेरिकेतलं एखादं कॉलेज, हो. इथल्या बुंडेसलीगात दहा वर्षं, नक्की. देशाच्या संघात, कदाचित. माझ्या मते सतरा वर्षांच्या पोरासाठी हे फार मोठं आहे. तू फोन आपटलास. तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी काही झालंच नाही अशा आवाजात ‘सत्तावीस तारखेच्या शोकेसला कुठला शर्ट बरा दिसेल गं, सहा क्लबांचे लोक येणार आहेत.’

याचा मला राग नाही. बॅटिंगवरून भांडणाऱ्या आया मी दर शनिवारी बघते. माझा राग दुसऱ्या रकान्यावरून आहे. तू प्रत्येक फोनवर विचारलंस, ‘हाताचे किती? थ्रोचे साठ तरी दिलेस ना?’ आणि मी प्रत्येक वेळी म्हणाले की तो रकाना बाकी आहे. का बाकी आहे, असं तू एकदाही विचारलं नाहीस.

मॅचच्या आधी सराव करताना त्यानं होमकडे तीन थ्रो टाकले. पहिला ताशी अठ्ठ्याऐंशी मैल. सुंदर. दुसरा ब्याऐंशी. तिसरा टाकण्याआधी तो बुटाची लेस बांधायला खाली बसला, आणि लेस सुटलेली नव्हती. सहाव्या इनिंगला दुसऱ्या बेसवर त्यांचा धावपटू होता आणि चेंडू सरळ वेदांगच्या हातात आला. असल्या वेळी कुणीही सेंटर फिल्डर होमवर फेकतो. हा चेंडू खालून ढकलल्यासारखा जवळच्या खेळाडूला देऊन मोकळा झाला. तू मागून ओरडलीस, ‘अरे घरी फेक, घरी.’ आठव्या इनिंगला पुन्हा तेच. तुला वाटलं तो माझ्यामुळे बुजला. मी सरावातल्या तिसऱ्या थ्रोचे रडारवर शहात्तर पाहिले होते, आणि मधल्या वेळेत तो उजव्या हाताचा अंगठा पट्ट्यात अडकवून उभा होता ते पाहिलं. हात लोंबकळू द्यायचा नसेल तर माणूस असा उभा राहतो. हे मला कुठून माहीत, ते तुला ठाऊक आहे.

मॅचनंतर माझी ओळख करून देऊन तू कोचशी बोलत राहिलीस, तेव्हा मी वेदांगला पार्किंगमध्ये गाठलं. मी मराठीत विचारत गेले, तो जर्मनमध्ये सांगत गेला. एप्रिलपासून दुखतंय. कोपराच्या आतल्या बाजूला. जोरात फेकलं की करंगळीपर्यंत मुंग्या येतात. सकाळी दात घासताना ब्रश डाव्या हातात घेतो. कुणाला माहीत आहे, विचारलं, तर कुणालाच नाही. मग मला म्हणाला, मौशी, आईला सांगू नकोस, शोकेस होऊ दे. इतक्या शांतपणे म्हणाला की मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. मी त्याला दोन आठवडे दिले. म्हटलं, आईला तू सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि तोपर्यंत तू एकही चेंडू जोरात फेकणार नाहीस.

आता ऐक, शमिका, कारण मी चिडले आहे ते इथं. त्यानं सांगितलं. तीनदा सांगितलं. पहिल्यांदा प्रॅक्टिसहून येताना गाडीत, ‘कोपर दुखतंय.’ तू म्हणालीस, ‘बॅग डाव्या खांद्याला अडकवत जा.’ दुसऱ्यांदा जेवताना. तेव्हा तू पोळी लाटत म्हणालीस, ‘काहून दुखते? तुझ्या वयात मी याच्यापेक्षा दुखऱ्या हातानं नॅशनल्स खेळली,’ आणि त्याला तो थ्रो पुन्हा सांगितलास. तिसऱ्यांदा त्यानं तुला मेसेज लिहिला. त्यानं मला तो दाखवलाय. हात खरंच दुखतोय, आई, खूप दुखतोय, असं स्वच्छ जर्मनमध्ये. त्यावर तुझं उत्तर म्हणजे फुगवलेल्या दंडाचं चित्र. तीन दंड. पुढे, ‘पनीर आणलंय.’ त्यानं नागेशलाही विचारून पाहिलं. नागेश म्हणाला, आईला विचार. तुमच्या घरात आणखी कुणी मोठं माणूस असतं तर त्यानंही हेच सांगितलं असतं.

मग तो माझ्याकडे आला. बॅटिंगच्या सरावाला मावशीकडे जातो, असं तुला सांगून परवा संध्याकाळच्या गाडीनं आला. बॅट आणलीच नव्हती. ते तुझ्या लक्षात आलं नाही याचं मला आता नवल वाटत नाही. काल सकाळी पोहे खाताना त्यानं मला विचारलं की आईनं तेव्हा कसं केलं. दुखऱ्या हातानं तो थ्रो कसा टाकला, त्याची काही युक्ती असते का. तुझ्या त्या थ्रोची गोष्ट त्याला पाठ आहे. सेमीफायनल, शेवटची इनिंग, दुसऱ्या बेसवर पंजाबची मुलगी, चेंडू खोल सेंटर फिल्डला, आणि तिथून तू थेट होमवर फेकलेला चेंडू, एकही टप्पा नाही, रनर आउट, महाराष्ट्र फायनलमध्ये. गोष्ट खरी आहे. मी लेफ्ट फिल्डला उभी होते, तुझ्यापासून पंधरा पावलांवर. पण तू ती नेहमी ‘आउट’ला संपवतेस.

म्हणून पुढचं मी त्याला सांगितलं. तू मला याबद्दल कधी माफ करशील माहीत नाही, पण सांगितलं. रोज पहाटे हॉस्टेलच्या न्हाणीत मी तुझ्या खांद्याला क्रेप बँडेज बांधायची आणि वरून पूर्ण बाह्यांचा टीशर्ट चढवायची, की आपल्या कोचना, रमेश सरांना, दिसू नये. तो थ्रो गेल्यावर सगळ्या पोरी होमकडे पळाल्या आणि तू तिथंच गवतात गुडघ्यावर बसलीस. अमरावतीला परत जाताना चोवीस तासांच्या प्रवासात तुझी वेणी मी घातली, आणि पुढे चार महिने तुझ्या आईनं. त्यानंतर तू एकही चेंडू खांद्यावरून फेकला नाहीस. तेव्हा तू एकवीस वर्षांची होतीस. वेदांग बराच वेळ ताटलीतले शेंगदाणे बाजूला करत बसला. मग त्यानं जर्मनमध्ये विचारलं, म्हणून आई केस वाळवताना ड्रायर डाव्या हातात धरते का? मी हो म्हटलं. तो म्हणाला, मला वाटायचं ती डावरीच आहे थोडीशी.

त्यानं पुढचा प्रश्न विचारला तो मला अपेक्षित होता. मौशी, तू सरांना का नाही सांगितलंस? मी म्हटलं, तिनं शपथ घातली होती. सेमीफायनलच्या सकाळी सरांनी मला एकटीला बाजूला घेऊन विचारलं होतं, ‘शमिकाचा हात ठीक आहे ना?’ आणि मी म्हणाले, ‘हो सर.’ त्याला मी एवढंच सांगितलं. तुला उरलेलं सांगते. शपथ होतीच, पण असं खेळून तुझा हात कायमचा गेला तर सेंटर फिल्ड माझं होतं, हेही मला माहीत होतं. ‘हो सर’ म्हणताना ते माझ्या मनात होतं की नंतर आलं, हे मी सव्वीस वर्षं स्वतःला विचारतेय आणि प्रत्येक वेळी वेगळं उत्तर येतं. तू त्या मॅचला बसली असतीस तर दोन महिन्यांनी पुन्हा उभी राहिली असतीस. तू खेळलीस, हात गेला, आणि भारताच्या कॅम्पच्या यादीत सेंटर फिल्डसमोर माझं नाव आलं. मला सोडायला तू स्टेशनवर आलीस, डाव्या हातानं टाटा केलंस. आपण दोघी त्यावर कधीच बोललो नाही. तू तो थ्रो सांगत राहिलीस आणि मी मान डोलवत राहिले, तुझ्या लग्नात, वेदांगच्या बारशाला, गेल्या दिवाळीला तुमच्या सोफ्यावर बसूनसुद्धा. माझ्या मान डोलवण्यानंच त्या पोराला वाटलं की असं करायचं असतं. तेव्हा मी फक्त तुझ्यावर चिडलेय असं समजू नकोस.

शुक्रवारी मी तो रकाना भरला, वेदांगला विचारून. ‘कोपराला दुखापत, एप्रिलपासून, तपासणी होईपर्यंत फेकू नये.’ डच गृहस्थाचं दोन ओळींचं उत्तर आलं: आधी बरा होऊ दे, मार्चमध्ये पुन्हा बघू, त्या चौथ्या इनिंगच्या कॅचबद्दल अजून लिही. एवढंच. त्यात वचन काही नाही, ते ढोलताशा लावून कुणाला पाठवू नकोस. सत्तावीस तारखेच्या शोकेसमधून नाव मात्र तुला काढून घ्यावं लागेल, नोंदणी तुझ्या नावानं आहे.

आता पत्राचं कारण. गेल्या मंगळवारी तुझा मुलगा सुट्टीतल्या दुपारी, कुणाला न विचारता, एकटा हाडांच्या डॉक्टरकडे गेला आणि आपलं विम्याचं कार्ड दाखवून दोन तास बसून राहिला. डॉक्टरांनी हात दाबून पाहिला, एमआरटी, म्हणजे आपला एमआरआय, करायला सांगितला, आणि कुणीतरी तपासणीची ठरलेली वेळ, टर्मिन, रद्द केल्यामुळे त्याला येत्या गुरुवारचा, अकरा तारखेचा, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांचा मिळाला. इथं नोव्हेंबरच्या आधी टर्मिन मिळत नाही, तुला माहीत आहे, तेव्हा हा चुकवायचा नाही. तो अजून अठराचा नाही म्हणून फॉर्मवर पालकाची सही लागते. फॉर्म याच पाकिटात आहे, चौथ्या पानावर खाली पेन्सिलनं फुली केलीय. मी म्हटलं, बाबांची घे, ते विचारल्याशिवाय करून टाकतील. तो नाही म्हणाला. त्याला तुझीच हवी आहे, आणि सही करायच्या आधी तू चारही पानं वाचायला हवीत, कारण कुठं दुखतं, केव्हापासून दुखतं, ते सगळं त्यानं तिसऱ्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिलंय. मी दुपारी त्याला स्टेशनवर सोडते. पत्र त्याच्याच बॅगेत आहे. तू वाचत असशील तेव्हा तो बहुतेक दाराशी उभा असेल. त्याला काही समजावू नकोस, विचार फक्त, आणि तो बोलेल तेवढा वेळ गप्प बस. गुरुवारी मी रजा घेतलीय. साडेनऊला तिथं पोचते.

चिडलेली, तरी तुझीच,
वैभवी